कान तुटलेला कप

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, तेव्हा सल्ला देत नाही. आमच्या साडूंना नमस्कार सांग (त्यांची पँट कमरेत सैल करून ठेवली आहे, दर वर्षी एक इंच, माणूस नेमाचा पक्का). मी बरा आहे. म्हणजे पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

तुझी ताई जाऊन आठ महिने झाले. तुम्ही सगळे फोनवर 'नीट जेवता ना' विचारता, म्हणून या शनिवार-रविवारी शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि नीट जेवायचंच ठरवलं. शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो. तिथे आम्ही दर शनिवारी जायचो आणि तुझी ताई दर शनिवारी सुपाचा पहिला चमचा घेऊन 'मीठ कमी' म्हणून वाडगा परत पाठवायची. पुढेपुढे आम्ही दारात दिसलो की आचारी आधीच चिमूटभर जास्त टाकायचा. परवा मी एकटा दिसलो तरी त्याने टाकलं. बहुधा दोघांचंही माझ्याच वाडग्यात टाकलं. डोळ्यांत पाणी आलं (मिठामुळे, असं मी वेटरला सांगितलं). आचारी हात पुसत बाहेर आला आणि मीठ बरोबर आहे ना म्हणून त्याने विचारलं. मी 'अगदी बरोबर' म्हणालो. मग सगळं संपवणं भाग होतं. घरी येऊन संध्याकाळपर्यंत नुसता पाणी पीत बसलो.

रविवारी घरीच वाटाणे घालून भात करायचा बेत केला. ताईच्या वहीत लिहिलं होतं: चार मुठी तांदूळ, आपल्या कपाने दोन कप पाणी. आता मूठ कोणाची? माझ्या पंजात तिचे दोन्ही हात मावायचे. पण मी शिंपी आहे, अडून बसणारा नाही. दुकानातली मापांची वही काढली. तिच्या मनगटाचं माप साडेपाच इंच, माझं साडेसात. त्या बेताने मूठ आवळून चार वेळा तांदूळ घेतले. (तिचं माप शेवटचं घेतलं तेव्हा साडेपाचाचं पाच झालं होतं. तेही लिहिलेलं आहे. ते पान मी लगेच उलटलं.) राहिला कप. तो कान तुटलेला, निळ्या काठाचा कप काही सापडेना. फळ्या शोधल्या, यंत्राचा खण शोधला, पलंगाखालीही वाकलो. शेवटी पाण्याच्या पेल्याने भागवलं. भात असा झाला की कापडाला खळ म्हणून चालला असता. तरी मी जेवलो. मला तिची फार आठवण येते, धाकटे. हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिलं.

सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
भाऊजी

ता. क. पेला विसळताना आठवलं, की दिवसकार्य आटोपून तू परत निघालीस तेव्हा 'ताईचं हवं ते घेऊन जा' असं मीच मोठ्या मनाने म्हणालो होतो. मला वाटलं, तू शाल नेशील. तू तो कप वर्तमानपत्रात गुंडाळून नेलास आणि मी तो पिशवीत नीट ठेवून दिला. दिलेली वस्तू मागणं बरं नव्हे. पण निदान त्याचं माप तरी कळव: तोंडाचा घेर आणि उंची. टेप पँटच्या खिशात घालून पाठवतो आहे.

ता. क. दुसरा. माप राहू दे. चार मुठी म्हणजे दोघांचा भात, हे वहीत नव्हतं, शिजल्यावर कळलं. अर्धा अजून पातेल्यात आहे. पुढच्या रविवारी कप घेऊन तूच ये. जाताना परत नेलास तरी चालेल.