पाण्यात एकच माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि झकास गेला! सात वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळून डोकं सडलं होतं. आता अंधेरी पूर्वेला, संरक्षण खात्यासाठी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सिस्टिम्स इंजिनियर. म्हणजे प्रत्येकाने आपापला तुकडा बनवायचा आणि ते तुकडे जोडल्यावर धड चालतात की नाही, हे मी बघायचं. आमचं यंत्र बंदरात चोरून शिरणारा पाणबुड्या पकडतं. पाण्यात आवाज सोडायचा, माणसावर आपटून तो परत आला की पडद्यावर ठिपका. त्याचा सिलिंडरमधला श्वाससुद्धा हेडफोनमध्ये ऐकू येतो. भांडुपला बाबांनी लेकीच्या कौतुकात अख्ख्या चाळीला सांगितलं, माझा चेडू नेव्हीत लागला. नेव्हीत नाही हो बाबा, म्हटलं, पण ऐकतात कुठे!

१० फेब्रुवारी, सोमवार
आज खारदांड्याच्या कोळीवाड्यात गेले. आमच्या चाचण्या हरेश्वरकाकांच्या होडीवरून होतात. त्यांचा मुलगा विकी सिलिंडर लावून उतरतो आणि 'चोर' बनतो. वय चोवीस, तोंडाला टाळं नाही. लहानपणी दमा होता त्याला, त्यामुळे श्वास वेगळाच: दोन आखूड, मग एक लांब. हेडफोन लावला की डोळे मिटून सांगावं, हा विकीच. मॅडम, तू पाण्याला घाबरतेस ना, म्हणून दिवसभर चिडवलं मेल्याने. मथुरामावशीने, त्याच्या आईने, भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना हात धरून म्हणाली, माझ्या पोराकडे लक्ष ठेव गं बाय. ठेवीन की, म्हटलं. आमचं यंत्र त्यासाठीच तर आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
संताप संताप झालाय. सॉफ्टवेअरमध्ये एक नियम सापडला: पाण्यात एकच माणूस. चाचणीला विकी एकटाच उतरतो, आणि नेव्हीच्या अधिकाऱ्यांसमोर जास्तीचे ठिपके आले की लाज जाते. म्हणून सगळ्यात ठळक ठिपका दाखवायचा आणि बाकीचे गिळून टाकायचे! अरे, उद्या खरे चोर दोन आले तर? सुयोग, आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू, तू नवीन आहेस, जरा दमानं घे. मी दोष नोंदवला. तो हसला. गाढवापुढे वाचली गीता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
नियम काढला आणि जुन्या सगळ्या चाचण्यांची रेकॉर्डिंग पुन्हा चालवली. दरवेळी दोन ठिपके. एक विकी, दुसरा त्याच्या मागे. पहिल्या चाचणीत तो खूप लांब होता, पार खडकांपाशी. पुढच्या प्रत्येक चाचणीत थोडा जवळ. दहा तारखेच्या, सगळ्यात अलीकडच्या चाचणीत हातभर अंतरावर. विकी थांबला की तो थांबतो. विकी वळला की तोही वळतो.
श्वास मात्र एकाचाच ऐकू येतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सुयोग म्हणे होडीच्या तळाचा प्रतिध्वनी. मग तो दरवेळी जवळ कसा येतो, विचारलं. मग म्हणे मोठा मासा. माशाला विकी थांबला की थांबायला कोणी शिकवलं? त्याचं एकच पालुपद, दोषाची नोंद बंद कर, अठ्ठावीसला अधिकारी येतायत. क्वालिटीच्या शकुमॅडमनी कानावर हात ठेवले. इथे सगळ्यांना दोष बंद व्हायला हवाय. दोष काय आहे, ते कुणालाच नकोय. डोकं फुटायची वेळ आली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
रजा टाकून खारदांड्याला गेले. काकांना स्पष्ट सांगितलं, पोराला उतरवू नका. ते म्हणाले, बाय, मासळी मिळत नाय, होडीला दुसरं काम कुठंय? विकी खो खो हसला. पण मला सोडायला रस्त्यापर्यंत आला तेव्हा हळूच म्हणाला, खाली कधीकधी कोणीतरी टाचेला हात लावतं यार. प्लास्टिक असेल.
मी हात जोडले. उतरू नकोस रे. म्हणाला, एवढी एक करतो, मग बास.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
सॉफ्टवेअर तयार असल्याच्या कागदावर मी सही नाकारली. सुयोगने स्वतः केली. नियम परत टाकलाय. उद्या पडद्यावर एकच ठिपका दिसणार, काही झालं तरी.
मीही होडीवर जाणार. भीती वाटतेय. पण मावशीला शब्द दिलाय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
होडीवर आहे. तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून फोनवर लिहून ठेवतेय. विकी उतरला. पाणी गढूळ, काही दिसत नाही. ठिपका एक. श्वास ठीक. दोन आखूड, एक लांब.

वळतोय. ठीक.

श्वास एकदम भरभर — सुयोगला म्हटलं, वर घ्या त्याला. म्हणे दोन मिनिटं थांब, अधिकारी बघतायत. मी ओरडले. गप्प बस म्हणाला —

आला! आला वर! काकांनी हात देऊन होडीत घेतला. देवा. रडूच आलं मला.
पलीकडच्या बोटीवर अधिकारी टाळ्या वाजवतायत. सुयोग नाचतोय, पास, पास.

विकी समोर बसलाय. डोळ्यांवरची काच काढली नाही अजून. एक शब्द नाही. हा, आणि गप्प?

पडद्यावर ठिपका आहे.
पाण्यात कोणी नाही, तरी आहे. सुयोग म्हणे, यंत्र गोंधळलंय, बंद कर.

हेडफोन लावला.
दोन आखूड. एक लांब.
खालून. पाण्यातून.

समोरच्याची छाती हलत नाहीये. बघतेय कधीची —

काकांनी होडीचं मशीन चालू केलं. होडी वळतेय. ठिपका मागे राहतोय. काका, थांबा — ऐकूच जात नाही त्यांना. खाली श्वास आता नुसते आखूड, आखूड —
उठून काकांकडे जायचं तर तो मधे बसलाय. त्याने मान वळवली. माझ्याक