माझ्या पुतळ्यांना नाक नव्हतं

आबा, आज अक्का येऊन गेली. गळ्यात तीच पुतळ्यांची माळ होती, तुम्ही तिच्या लग्नात केलेली. ती गेली आणि मी तुम्हाला लिहायला बसले.

महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, आपल्या दुकानात तुम्ही अक्कासाठी नवा ठसा कोरला होता. सोन्याची चकती त्यावर ठेवून हातोडा मारला की लक्ष्मी उमटायची. नाकातली नथ, पदराच्या चुण्या, कडेचे मणी, सगळं लख्ख. मग त्याच ठशावर गावभरच्या लेकीसुनांच्या पुतळ्या निघाल्या आणि सगळ्यांच्या शेवटी माझ्या. तोवर ठसा झिजला होता. आधी नथ गेली, मग नाक. मणी एकमेकांत मिसळून कड नुसती जाड दिसायची. मी रुसून म्हटलं, "आबा, माझ्या लक्ष्मीला नाकच न्हाय." तुम्ही हसलात. "सोनं अक्काइतकंच हाय की! नाकानं काय वजन वाढतंय?"

हातकणंगल्याला सासरी पहिल्याच हळदीकुंकवाला सासूबाईंनी माळ हातात घेतली, पुतळीवरून अंगठा फिरवला आणि चारचौघींत विचारलं, "कुणाच्या गळ्यातली गं ही? वापरलेली दिसतीया." हे तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही आगगाडीनं ठसा घेऊनच आलात. आमच्या अंगणात बसून तांब्याच्या कोऱ्या पत्र्यावर घाव घालता. निघते तीही तशीच, बिननाकाची. तुम्ही ती सासूबाईंपुढे धरता. "वापरलेली पुतळी वरनं घासून चपटी हुतीया, विहीणबाई. हिला कुठं घासलंय? हिची कड अजून बोटाला लागतीया. ठसाच झिजलाय, पोरीचा काय दोष न्हाय." सासूबाई ओशाळल्या. "व्हय की पावणं, चुकलं आमचं. आता जेवूनच जावा."

माझी अब्रू राहिली, पण माझं समाधान काही झालं नाही. अक्काला पहिला घाव आणि मला शेवटचा, एवढंच डोक्यात. निघताना तुम्ही म्हणालात, "दिवाळीला नवा ठसा कोरतो. तुझ्या समद्या पुतळ्या आटवून परत मारतो." दिवाळीआधीच साथ आली आणि तुम्ही गेलात.

तुमच्या दिवसांना आम्ही दोघी माहेरी आलो होतो, तेव्हा अक्कानं गळ्यातली माळ काढून माझ्या हातात ठेवली. "घे, बदलून घिऊ. मला नाकाचं काय बी न्हाय बघ." तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. ज्या माळेसाठी मी इतके दिवस जळले, ती अक्कानं अशी भाजीच्या जुडीसारखी पुढं करावी? मी माळ तिच्याच ओटीत टाकली आणि चुलीकडं निघून गेले.

हे कुठं धाडू, आबा? ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवून देईन. अक्का आता थकलीय, काठी टेकत येते. तरी ती दारात आली की मी आधी तिच्या गळ्याकडं बघते, मग तोंडाकडं.