वीस टोप्यांचा डबा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्रमुख टंकलेखक, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. डॉक्टरांनी हृदयाविषयी जे सांगितले ते खरे असले, तरी डोके जागेवर आहे. ज्या दिवसाची हकीकत पुढे येते त्या दिवशीही ते जागेवर होते, हीच खरी अडचण आहे.

कलम १. राहत्या दोन खोल्या, सामानसुमान व बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला मिळावी. जावयाने बाल्कनी बंद करून तिची खोली करू नये. तो करणारच, पण मी नको म्हटले होते, एवढी नोंद राहावी.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पेचकसांचा संच, ब्रश आणि कीबोर्डच्या टोप्या उपटायचा तारेचा चिमटा, पुतण्याला द्यावीत. सर्वांत लहान पेचकस नऊ वर्षांपूर्वी "काका, उद्या आणून देतो" असे म्हणून त्याने नेला आहे. तो आता त्याचाच समजावा.

कलम ३. निवृत्तीच्या समारंभात मिळालेले घड्याळ कुणालाही देऊ नये. भंगारात घालावे. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. पुढचे समजावे म्हणून थोडे टोप्यांविषयी. कळेवर बोट टेकते त्या प्लास्टिकच्या भागाला आम्ही टोपी म्हणत असू. आमच्या कचेरीतल्या जुन्या कीबोर्डांवर टोप्या बुटक्या, मधोमध खोलगट आणि ओळीप्रमाणे उताराच्या होत्या. वरच्या ओळीची टोपी बोटाकडे कललेली, खालचीचा उतार उलटा. त्यामुळे बोट न बघता जागेवर जाई. टोपी दोन मिलिमीटरने उंच आणि माथ्याला सपाट असली, की बोट खाली पोचण्याआधीच अडते, शेजारची कळ घासली जाते आणि नको ते अक्षर उमटते. पंधरा दिवसांत सवय होते. एका दिवसात होत नाही.

कलम ५. कचेरीत आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, हाताने कितीतरी. आमच्याकडे प्रत्येक कागदाच्या तळाशी टाइप करणाऱ्याचे नाव आणि चुकांची संख्या लिहायची पद्धत होती. त्यांच्या कागदावर बहुधा "चुका: नाहीत" असेच असे. तेवीस वर्षांपूर्वी प्रमुखपदासाठी आम्हा दोघांची परीक्षा लागली. कीबोर्डांची दुरुस्ती माझ्याकडेच असे, म्हणून मला सगळे पेचकसच म्हणत. त्याच निमित्ताने आदल्या दिवशी सगळे कीबोर्ड मी धुतले. त्यांच्या कीबोर्डवर वरच्या आणि खालच्या ओळीच्या मिळून वीस टोप्या मी दुसऱ्या संचातल्या बसवल्या. रंग तोच, अक्षरे तीच, उंची जास्त. मधली ओळ मुद्दाम तशीच ठेवली. बोटे टेकवताच कीबोर्ड आपलाच वाटावा म्हणून.

परीक्षेला बसताना त्यांनी विचारले, "पेचकस, टोप्या बदलल्यास का रे?"

मी म्हणालो, "छे हो बाई. धुतल्यात, म्हणून नव्या वाटतायत."

त्यांच्या कागदावर "चुका: एकोणीस" असे लिहिले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फायलींच्या खोलीत बदली मागून घेतली. "बोटं गेली माझी," एवढेच म्हणाल्या. त्यांनी पुन्हा कधी टाइप केले नाही. प्रमुखाच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत मी बारा वर्षे बसलो. त्यांच्या मूळच्या वीस टोप्या मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. हा डबा, आणि कचेरीने मोडीत काढताना मी घरी आणलेला तो कीबोर्ड, माझ्या मागे मुलीने त्यांना द्यावा आणि हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. समोर उभे राहून सांगायची माझी छाती नाही.

कलम ६. हे कलम मसुद्यात नव्हते. तोंडी सांगत आहे. टाइप करून द्या म्हणून मी आज वरचा मसुदा मोठ्या बाईंच्याच हाती दिला. "मला कुठं आता जमतंय?" असे म्हणत त्या बसल्या. मी नेलेला तोच कीबोर्ड त्यांच्या नातीच्या लॅपटॉपला जोडून दिला. अडखळत अडखळत कलम ५ पर्यंत आल्या आणि थांबल्या. मी जमिनीकडे बघत होतो. पुढचे बोलणे त्यांच्याच सांगण्यावरून जसेच्या तसे घातले आहे.

"डबा कुठंय?"

"पिशवीत."

"मग मेल्यावर कशाला? काढ."

मी काढला. एकेक उंच टोपी उपटून तिच्या जागी मूळची, अशा वीसही बसवल्या. त्यांनी मदत केली नाही.

"बाई, मला माफ..."

"ते मी टाइप करणार नाही. तेवीस वर्षं हाताकडं बघून रडलेय मी. हे सगळं पुसते आणि पहिल्यापासून घेते. तू नीट वाच."

त्याप्रमाणे मी पहिल्या ओळीपासून वाचत आलो आहे. डबा व कीबोर्ड आजच त्यांच्या स्वाधीन झाले, म्हणून कलम ५ मधली ती तरतूद रद्द. बाकीचे कलम त्यांनी गाळू दिले नाही.

स्थळ: मोठ्या बाईंचे जेवणाचे टेबल
दिनांक: १४ जून २०२२

(सही) पेचकस

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी
२. (सही) शेजारच्या निवृत्त परिचारिका

टंकलेखन: मोठ्या बाई
चुका: नाहीत