बॅटरी गेली असेल

मंगळवार, ४

मी हेडफोन काढून ठेवले. माझ्या हातांनी. तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितोय.

सकाळी तोफगोळे पडायला लागले. माझं काम साधं — खंदकात वायरलेस सेटजवळ बसायचं, पुढच्या चौकीवरून लांब्या काय सांगतो ते ऐकायचं, साहेबांना कळवायचं. लांब्या आणि मी एकत्रच भरती झालो, प्रशिक्षणात आमच्या खाटा शेजारी होत्या. ही आमची पहिलीच लढाई. "पाय गेला रे, माणसं पाठव," एवढं ऐकलं. मग तो किंचाळायलाच लागला. मी हेडफोन काढले, माइक छातीशी घट्ट धरला आणि कोपऱ्यात डोकं गुडघ्यांत घालून बसलो. किती वेळ, देव जाणे.

उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे हवालदार, धावत आले. माझ्या मुठीतून त्यांनी माइक सोडवून घेतला. सेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बॅटरी गेली असेल," म्हणाले. मी मान डोलावली. खोटंसुद्धा मला आयतं मिळालं!

बुधवार, ५

बॅटरी पूर्ण भरलेली आहे. तपासली.

उजवा अंगठा आखडलाय, चमचासुद्धा धरवत नाही. कुणाला दाखवला नाही. लांब्याचा पाय गेला आणि मी अंगठा दाखवू?

स्वयंपाक्याने चहात जास्तीची साखर घातली. "घे, बाळा." एरवी त्याच्या तोंडी आम्ही सगळे 'गधडे'. कप घेतला, पण त्याच्याकडे बघवलं नाही.

गुरुवार, ६

लांब्याचं पाऊल कापलं. साहेब म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं तर—"

शुक्रवार, ७

पोटभर जेवलो. त्याचीही लाज वाटली.

रविवार, ९

इथे नव्या पोरांची टर उडवायला कारण लागत नाही. कुणाला उचकी लागली तरी आठवडाभर पुरते. पण मंगळवारपासून मला कुणी एका शब्दाने चिडवलेलं नाही. लांब्याचा मित्र म्हणून सांभाळून घेत असतील. त्यांना खरं कळलं तर तोंडावर थुंकतील.

उद्या रसदीचा ट्रक इस्पितळावरून जाणार आहे. साहेब म्हणाले, भेटून ये. लांब्याला काही आठवत नसू दे, असं मनात आलं. मित्राच्या बाबतीत हे मागतोय मी. शी!

सोमवार, १०

लांब्या खाटेवर बसलेला. पांढराफटक. म्हणाला, "आता एकाच बुटाला पॉलिश करायचं. मजा आहे."

मला हसू आलं नाही. सगळं ओकून टाकलं — बॅटरी गेली नव्हती, मी हेडफोन काढले, तुझं ऐकवलं नाही.

तो खाटेवर पुढे सरकला. "म्हणजे तुला कुणी सांगितलंच नाही?"

"काय?"

"अरे येड्या, माइकचं बटण दाबून धरलं होतंस तू."

प्रशिक्षणातला पहिला धडा! अंगठ्याने बटण दाबलं की आपला आवाज सगळ्या सेटवर जातो, आणि ते सोडेपर्यंत दुसऱ्या कुणाचंच बोलणं पोचत नाही. लांब्या ओरडून ओरडून मदत मागत होता, आणि त्याची वाट मीच अडवून बसलो होतो.

"आईला हाका मारत होतास," तो म्हणाला. "हमसून हमसून. सगळ्यांनी ऐकलं. मी चिखलात पडून तेच ऐकत होतो."

"राग येत नाही माझा?"

"पाय ठणकतो तेव्हा येतो." मग भिंतीकडे बघून, "माझीही आई आठवली रे."

येताना ट्रकमध्ये ताडपत्रीखाली तोंड लपवून बसलो.

मंगळवार, ११

सकाळी चहाच्या रांगेत सगळे होते. कुणी काही बोललं नाही. नंतर उस्तादांनी सेट आणून माझ्यासमोर ठेवला, माइक हातात दिला आणि हळूच विचारलं, "अंगठा बरा झाला का?"

अंगठ्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.