बिनधुराच्या चुलीचा धूर

सिरोंचा, २० मे १९५८

प्रिय गोकुळा,

कुंताचा सप्रेम नमस्कार. तुझा दाढेने सुजलेला गाल उतरला असेल, तुझ्या आजोबांचा खोकला त्यांच्याच ताब्यात असेल आणि आमच्या घरी सगळे खुशाल असतील, असं धरून चालते. आई-बाबांना माझा वाकून नमस्कार. हे पत्रही नेहमीप्रमाणे तुलाच आमच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचं आहे. नियम तोच, कंसातलं फक्त तुझ्यासाठी आणि बाकीचं सगळ्यांसाठी. (कंस आला की एकदम गप्प होऊ नकोस. मागच्या खेपेला तू थांबलीस आणि बाबांनी लगेच "काऊन थांबली वो? काय लिवलन तिनं?" असं विचारलं, हे तूच कळवलंस. बाबांना अक्षर येत नाही, पण थांबणं कळतं. त्यापेक्षा खोकत जा. घरात शिकवणारे आहेतच.)

तुझं पत्र पोचलं. बाबा पुढच्या सोमवारी मला कायमचं घरी न्यायला निघणार, हे वाचून फार आनंद झाला. (झाला नाही. का ते पुढे येईल.) चूक माझीच. पहिल्या तीन पत्रांत मी इतकी रडले की शाई फुटून 'येथे सर्व ठीक' एवढंच वाचता येत नव्हतं म्हणे. निघताना बाबा म्हणाले होते, "जमलं तं राहा, नाई जमलं तं धानाच्या रोवण्याच्या आंधी वापस ये. बांधीत हात कमीच पडून राह्यले." त्यांच्या हिशेबी वैनगंगेपलीकडचं गडचिरोलीसुद्धा परमुलूख, मग सिरोंचा म्हणजे विलायतच. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यात ग्रामसेविकेच्या शिक्षणाला गेले, त्यात उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या कामासाठी नेमकं हे गाव वाट्याला आलं. तीन मोटारी बदलून दोन दिवसांनी उतरले तेव्हा माणसं तेलुगू बोलत होती, कोंबड्यांना तेलुगूत हाकलत होती, आणि कोंबड्यांना ते कळत होतं. मला नव्हतं. गावातल्या सगळ्या जिवांत मी एकटीच अडाणी, आणि सातवी पास.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. इथे 'काऊन' म्हणणारं कोणी नाही. एकदा जीव इतका कासावीस झाला की दाराशी बांधलेल्या बकरीलाच विचारलं, "काऊन वो, जेवली का?" तिने मान फिरवली. लाखोळीची डाळ कुठे मिळेना. संध्याकाळी नदीवर जाऊन बसायचे. आपली वैनगंगाच पुढे प्राणहिता होऊन इथे येते ना, म्हणून पाण्याकडे पाहिलं की आपलं सावली गाव आठवायचं. (आणि आपल्या गावच्या म्हशी त्या पाण्यात काय काय करतात तेही आठवायचं. इथली माणसं ते पाणी भक्तीने पितात. मी कुणाला सांगितलं नाही. मी उकळून पिते. आमच्या शिक्षणाच्या पुस्तकात तसंच आहे.)

राहते ती पोचक्काच्या घरी. तिचा नवरा लच्छू नदीवर जाळं टाकतो, आणि ती घरात बसून त्याच्यावर, सुनेवर आणि माझ्यावर टाकते. तेलुगू, हिंदी आणि आपली बोली एकाच दमात बोलते. राग आला की चौथीही कुठली तरी निघते. बाई मायाळू आहे, फक्त तिच्या मते मी फार वाळलेली आहे. (तिने तुलना कशाशी केली ते पुढे मासळी आली की कळेल.)

आता मुख्य काम. आम्हाला शिकवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बिनधुराची चूल. बंद मातीची चूल, मागून खापराच्या नळ्या, धूर भिंतीपलीकडे बाहेर, बायकांचे डोळे वाचले. निदान एका घरात ती चालली पाहिजे, नाहीतर मुख्यसेविका बाई कागदावर सही करणार नाहीत आणि वर्षाचं शिक्षण फुकट. मला तू ओळखतेस. मी चुलीचं तोंड सात वेळा मोजलं, आठव्यांदा मोजताना ते मोडलं, पुन्हा केलं. शेवटी पेटवली तर काय सांगू, घरात धुराचा धागा नाही! पोचक्काने डोळे पुसायला पदर उचलला आणि पुसण्यासारखं काही सापडेना म्हणून माझंच तोंड पुसलं. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी 'पूर्ण यश' असं लिहून दोन रेघा ओढल्या.

पाचव्या दिवशी मासळीत अळ्या झाल्या. म्हणजे असं, की इथे चुलीवर आढ्याला मासळी टांगतात आणि धुरावर वाळवतात. पावसाळ्यात नदी चढली, जाळं बंद झालं, की तीच पोटाला. हे पुस्तकात नव्हतं. चुलीला एवढी वर्षं धूर का लागत होता हे विचारावं, असंही पुस्तकात नव्हतं, आणि पुस्तकात नसलेलं विचारायची माझी छाती नाही. पोचक्का टोपली माझ्या नाकाखाली धरून ओरडत होती, "पोगा लेदू! पोगा लेदू!" म्हणजे धूर नाही, धूर नाही. धूर नाही म्हणून बोंब मारणारी बाई जगात मीच पहिली निर्माण केली असेन. मी रडले. रोजनिशीतल्या दोन रेघा खोडल्या. जेवले नाही. (दुपारी जेवले.)

पोचक्का मात्र माझ्यासारखी पुस्तकावर वाढलेली नाही. ती घरामागे गेली, नळीतून भसाभसा निघणारा धूर पाहिला, कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ हसली, आणि त्या नळीच्या तोंडावर बांबू रोवून मासळीची टोपलीच टांगली. आठ दिवसांचं काम दोन दिवसांत झालं. मासळी सोन्यासारखी, डोळे कोरडे. बातमी नदीकाठी पसरली आणि अकरा घरांतून बोलावणी आली. बायकांना चूल नको होती, धूर हवा होता. मी भराभर चुली घातल्या आणि रात्ररात्र तळमळले. फॉर्मात रकाना आहे, 'धुराचे प्रमाण, पूर्वी व नंतर'. आता त्यात काय लिहू? पूर्वी धूर, नंतर जास्त चांगला धूर?

बाई तपासणीला येणार कळलं आणि मी आयुष्यातलं पहिलं पाप केलं. सगळ्यांना सांगून त्या दिवशी टोपल्या उतरवून ठेवल्या. बाई आल्या, पोचक्काची धरून बारा चुली पाहून खूश झाल्या, "शाबास!" म्हणाल्या, आणि सही करायला पेन काढून हवा खायला घरामागे गेल्या. तिथे नळीखाली चार मांजरं रांगेने बसून वर पाहत होती. शेजारच्या नळीखाली तीन. बाईंनी विचारलं, "ही कशाची वाट बघताहेत?"

मी म्हणणार होते, ऊब घेतात. मे महिन्यात! तेवढ्यात पोचक्का म्हणाली, "मांजर को मालूम, बाई को नई मालूम."

मग माझा बांध फुटला. अळ्या, टोपल्या, खोडलेल्या रेघा, सगळं सांगितलं. कुणी न विचारता हेही सांगितलं की हिवतापावरची कोयनेलची कडू गोळी मी दोनदा तुळशीत टाकली. बाईंनी टोपली मागवली, वास घेतला (शाकाहारी आहेत, पण घेतला) आणि वहीत लिहिलं, 'स्थानिक गरजेनुसार सुधारणा'. सही केली. म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस? मला कळवायला मांजरं ठेवलीस?"

असो. पत्र लांबलं. दाढेला लवंग लाव.

तुझी,
कुंता

ता. क. (आता खरं. बाईंनी विचारलं, नदीकाठच्या गावांत या चुली घालायला वर्षभर इथेच राहशील का? मी हो म्हणून बसले. मृग लागला की आलापल्लीपुढचा रस्ता बंद, म्हणजे रोवण्याला मी येत नाही. बाबांना कसंही करून थांबव. मोटारी बंद झाल्या म्हण, मला देवी निघाल्या म्हण. नको, देवी नको, ते पळत येतील.)

दुसरा ता. क. वरचा कंस लिहून झाला आणि रात्रभर ती मांजरं डोळ्यांपुढे बसून राहिली. म्हणून हा मजकूर कंसाबाहेर आहे. गोकुळा, खोकू नकोस. मोठ्याने वाच.

बाबा, मी वर्षभर इथे राहायचं म्हणते. जमलं. म्हणजे अजून रडू येतं, पण जमलं. रोवण्याला दोन हात कमी पडतील, त्याबद्दल रागवा. सोमवारी जरूर निघा, लाखोळीची डाळ आणा, दारातल्या बकरीला एकदा 'काऊन' म्हणा, तुमचं तरी ऐकते का पाहू. मात्र परत जाताना एकटे जायचं. रिकाम्या हाताने नाही, पोचक्का टोपलीभर मासळी देणार आहे. माझ्याऐवजी ती न्या. धूर माझ्याच चुलीचा आहे.