तुमच्या बंधूंचा तिसरा अवतार

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

तीर्थस्वरूप उषाताई वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा डोक्यावर पदर घेऊन नमस्कार (तुम्ही बघत नसलात तरी घेतला आहे). तुमचे गुडघे आता कसे आहेत? सातारची हवा कोरडी, तेव्हा बरेच असतील. निर्गुडीचा पाला मिळतो ना तिकडे? इथं आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्त्यात राज्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा संस्थान होतं, मग मध्यभारत झाला, आणि गेल्या महिन्यापासून मध्यप्रदेश आहे. घर तेच, मोरी तुंबते तीही तीच. कचेऱ्या भोपाळला निघाल्यात. महाराज बाड्याच्या चौकातून ट्रक जातात, वर टेबलं नि खुर्च्या पाय आभाळाकडे करून बांधलेल्या. जो भेटतो तो विचारतो, तुमचं काय, भोपाळ की इथंच? आमचं उत्तर ऐकून माणसं जरा थबकतात. कारण तुमच्या बंधूंना इंदूरच्या रेडिओनं बोलावलं आहे, आणि बंधू काही हो म्हणत नाहीत. पौष लागायच्या आत रुजू झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. पण हे असं एकदम सांगून कळायचं नाही, पहिल्यापासून सांगते.

तुम्ही इथून गेलात तेव्हा हे दरबारच्या गवयांत नुकते लागले होते. ग्वाल्हेरात गवई म्हटला की ख्याल. तो यांनी घोटलाच, पण जीव सगळा विरहाच्या गाण्यांत. साजण परदेशी, रात्र सरत नाही, कावळा निरोप आणत नाही, असलं सगळं. काय गायचे हो! चिकाच्या पडद्याआड बायकांत बसून मी ऐकलं आहे. लग्नाची बायको इथं धडधाकट बसलेली असताना हा माणूस कुणासाठी एवढा झुरतोय, असं मनात येऊनही डोळे पुसले आहेत. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.

दरबारचे दोन रिवाज मात्र यांच्या हाडात मुरले. एक, गवयानं आपणहून सुरू करायचं नाही. तानपुरा लागला, तबला लागला, तरी बसून राहायचं. गादीवरून मान हलली की मग पहिला सूर. दुसरा, निघताना मुजरा करत मागं मागं जायचं, गादीला पाठ दाखवायची नाही. पुढे संस्थान विलीन झालं आणि गवयांना नारळ मिळाला. या सवयींना मात्र कुणी नारळ दिला नाही. म्हणून हे सगळं रामायण.

मग आलं नाटक. इथल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात एक ऐतिहासिक नाटक बसवलं, त्यात भारदस्त आवाजाचा प्रधान हवा होता, म्हणून यांना घेतलं. महाराजांचं काम जयसिंहरावांना (तेच, दालबाजारात तुपाचं दुकान असलेले). प्रवेश असा की प्रधानानं महाराजांना खडसावायचं, पाठ फिरवायची आणि तडक निघून जायचं. खडसावलं. असं सुंदर खडसावलं की माझ्या अंगावर काटा आला (घरी यातलं काही ऐकायला मिळत नाही). पण पाठ फिरवायची वेळ आली आणि यांची पाठ काही फिरेना. समोर गादी, गादीवर मनुष्य. तो तूपवाला आहे हे डोक्याला ठाऊक, पाठीला कोण सांगणार? हात आपोआप मुजऱ्याला गेला आणि हे निघाले मागं मागं. जायचं होतं डावीकडे, गेले सरळ, आणि रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यात गुरफटून सगळ्या राजवाड्यासकट खाली आले.

मी डोळे मिटून घेतले, आता हशा होणार म्हणून. वन्सं, कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतले म्हातारे सरदार उठून उभे राहिले आणि त्यांनीही मुजरे केले. आपले शेजारी मानसिंगराव तर पगडी सावरत घळाघळा रडत होते. जयसिंहराव इतके घाबरले की त्यांनी मान हलवून सगळ्यांना बसायची परवानगी दिली. तेव्हापासून दर वर्षी तोच प्रवेश होतो आणि यांच्या पडण्याला वन्समोअर मिळतो. लोक काही म्हणोत, मला त्यांचा अभिमान वाटतो. बाकीचे नट सोंग आणतात, यांना सोंगच आणता येत नाही.

पण नाटक वर्षातून एकदा. एरवी हे तानपुरा काढतात, पुसतात, लावतात आणि परत कोपऱ्यात ठेवून देतात. दरबार सुटल्यापासून या घरात यांचं गाणं झालेलं नाही. मान हलवणारं आहे कोण? मी चुलीपुढून कितीदा तरी हलवून पाहिली, पण बायकोची मान हिशेबात धरत नाहीत. तुम्हाला म्हणून सांगते, भांडणाऱ्या नवऱ्याचा संसार करता येतो, पण गप्प बसलेल्या गवयाचा फार अवघड.

अशात आमच्या समोरच्या विजयाबाईंच्या जावयानं (तो इंदूरच्या रेडिओवर तबला वाजवतो) यांना अर्ज करायला लावला. काम गाण्याचं नाही, गाण्याबद्दल बोलायचं. चीज कुठली, गाणारा कोण, हे ऐकणाऱ्यांना दोन शब्दांत सांगायचं. परीक्षेला इंदूरला मीही गेले (डबा कोण नेणार?). काचेच्या पलीकडे यांना बसवलं. अलीकडे रेडिओचे साहेब, यंत्रवाला आणि खुर्चीच्या टोकावर मी. लाल दिवा लागला की बोला, असं बजावून ठेवलं होतं. दिवा लागला, हे गप्प. यंत्रवाल्यानं बोट दाखवलं, साहेबांनी हात हलवले. यांनी दोघांनाही अदबीनं नमस्कार केला आणि बसून राहिले. मला एकदम उलगडा झाला. दिवा कुठं मान हलवतो? पण साहेबांना सांगू कशी? टाय लावलेल्या परक्या पुरुषाला, की अहो, जरा मान हलवा! शेवटी साहेबांनी कंटाळून मनगटावरचं घड्याळ बघायला मान खाली घातली, आणि झालं, आमचं सुरू.

आणि काय बोलले, वन्सं! विरहाच्या एका जुन्या ठुमरीबद्दल बोलले. गुरुजी ती पावसाळ्यात गाऊ देत नसत म्हणे. पावसात सगळ्यांनाच रडू येतं, त्यात गवयाचं कौतुक काय! मग तिच्या दोन ओळी गुणगुणले. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. दरबारात शिकलेच होते, माणसं कितीही असोत, आपण गादीवरच्या एकासाठी गायचं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईसाहब, यहाँ सब लोग भाषण देते हैं। ये तो एक आदमी से बात करते हैं। ऐसा आदमी हमें कहाँ मिलेगा?" मी पदरानं तोंड झाकून बसले होते. इतक्या वर्षांनी त्यांचं गाणं ऐकत होते, तेही काचेपलीकडून.

जागा पक्की झाली. आणि आता हे म्हणतात, विचार करून कळवतो. तिकडे मानसिंगरावांनी भाच्याच्या कापडाच्या दुकानात, इथंच माधवगंजात, बसायला सांगितलं आहे, त्याला मात्र यांचं "बघू" निम्मं हो झालंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तिथं गिऱ्हाईक सांगतं, मग आपण कापडाचं थान उलगडायचं, तो रेडिओचा दिवा काही खरा नव्हे. विजयाबाई रोज दारात येऊन म्हणतात, "अहो, तुमचे हे रेडिओत गेले तर साऱ्या मोहल्ल्याचं नाव होईल नं! आणि हे काय सोचून राहिले?" मला मोहल्ल्याचं काही नाही. तो आवाज "सोळा वार, किनार काढून" असं म्हणत संपायचा, ते माझ्याच्यानं बघवणार नाही.

असो. पाल्हाळ फार झालं, गुडघे दुखत असताना एवढं वाचायला लावलं, माफी असावी. भावजींना नमस्कार, मुलांच्या गालावरून हात. गुडघ्यांना ऊन दाखवत जा.

आपली
शरयू

ता. क. : गुडघ्यांची चौकशी मनापासूनची आहे, पण पत्र त्यासाठी नाही. मामंजी आणि सासूबाई गेल्यावर यांच्या वर आता तुम्हीच. यांना दोन ओळी लिहा, इंदूरला जा म्हणून. समजूत घालू नका, विनवणी तर नकोच. हुकूम करा. आणि कार्डावर लिहा, म्हणजे पोस्टमन वाचेल, दुपारपर्यंत विजयाबाईंना कळेल, आणि यांना मागं फिरता येणार नाही.

ता. क. दुसरा : तुमचं कार्ड वेळेत येईल याचा भरवसा नाही म्हणून इंदूरला होकार मी कालच पाठवून दिला. त्यासाठी खाली यांचं नाव लिहावं लागलं. उखाण्याशिवाय ते मी कधी तोंडानं घेतलं नाही, मग लिहिणं तर दूरच. श्रीपाद. अक्षर काही त्यांच्यासारखं नाही, साहेब समजून घेतील. तुमच्या कार्डात यातलं काही येऊ देऊ नका.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होते एवढ्यात हे मागं येऊन उभे राहिले. एवढं लांबलचक कुणाला, म्हणाले. वन्संना, म्हटलं. पाकीट हातात घेऊन पत्ता पाहिला. मग हळूच म्हणाले, ताईला माझा नमस्कार लिही, आणि विचार, तिच्याकडच्या रेडिओवर इंदूर लागतं का. तर वन्सं, लागतं का? नसेल लागत, तरी लागतं म्हणून लिहा.