कुसुम, आणि चुडाव्याची तुळसा

पूर्णा, ता. २ डिसें. ५७
नणंदेचं लग्न गुरुवारी, चुडाव्याला. सासूबाईंचा निरोप आला: कुसुमला शेजारी ठेवून या. माझी आठ वर्षांची पोर, बोलत नाही, कुणाच्या डोळ्यात बघत नाही. नवरदेवाकडच्यांना शंका नको. ह्यांना विचारलं. "तू ठरव," म्हणाले अन् स्टेशनवर ड्यूटीला गेले.

ता. ५
नेलीच. अक्षता पडेपर्यंत माझ्या पदराशी खेळत होती. मग वाजंत्री सुरू झाली. कु.नं कान दाबून किंकाळी फोडली, स्वतःचाच हात चावला. "बाहेरचं हाय," कुणीतरी म्हणालं. सासूबाईंनी वर बघितलंच नाही.
उचलून मागच्या गल्लीत नेलं. तिथं मेंढरांच्या वाड्यापाशी एक बाई. गयाबाई. काही न विचारता पाणी दिलं. कु. निवल्यावर म्हणाली, "माजी तुळसा बी अशीच हाय. मानसं आली की आत कोंडून ठिवते."
बघू म्हटलं. अंधारात लोकर हुंगत बसलेली पोर, कु.पेक्षा थोडी मोठी.
पूर्णेला घरी या म्हणून आले मी. का म्हणाले, कोण जाणे.

ता. ९
बाजार. गयाबाई खरंच आली, तुळसाला घेऊन. दोघी पोरी अंगणात पाठीला पाठ लावून बसल्या. एकमेकींकडं बघितलंही नाही. पण उठल्याही नाहीत.
"डाक्टर काय म्हनले तुमच्या पोरीला?"
सांगितलं. कान ठीक, जीभ ठीक. औषध नाही. मारू नका म्हणाले.
"नाव काय ह्या दुखन्याचं?"
"त्यांनाही सांगता आलं नाही."
तिनं चहाचा कप खाली ठेवला. "मला वाटायचं, माज्याच पोटी असं."
मलाही.

ता. १७
गयाबाई एकटीच, धापा टाकत. नवरा तुळसाला अमावास्येला भगताकडं नेणार. कपाळावर डाग देणार, तापल्या विळ्यानं. "माजं ऐकंना. तुमी कुनीतरी सांगा."
ह्यांना सांगितलं. वाटलं, तू ठरव म्हणतील. हात धुताना म्हणाले, "उद्या सुटी टाकतो."

ता. १८
कु.ला घेऊन चुडाव्याला जाऊन आलो. गयाबाईचा नवरा मारोती, वाईट माणूस नाही. बसायला घोंगडं टाकलं. हे परक्या माणसासमोर कु.बद्दल पहिल्यांदाच बोलले. "आमी बी अंगारे लावले, उपास केले. पोर हाय तशीच हाय. डागून तुळसा बोलायची न्हाई, मालक. तुमाला भ्यायला लागंल."
मारोती खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "बरं, न्हाई डागत. मग काय करू ते सांगा. आमच्यामागं हिला कोन बघंल?"
ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
शेवटी म्हणाले, बाजारच्या दिवशी आमच्याकडं सोडत जा. मारोती हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.
येताना गाडीत कु. ह्यांच्या मांडीवर झोपली. हे खिडकीबाहेर बघत होते. "त्यानं विचारलं ते हिच्याबद्दलही," म्हणाले, अन् तिच्या अंगावर शाल ओढली.
अमावास्या शनिवारी. मारोतीनं शब्द पाळू दे.